बहीण सही का करते

पटकथेत काय चुकतं हे मला अर्ध्या झोपेत विचारलं तरी सांगेन. गेली काही वर्षं दर रविवारी सकाळी मी सिडकोतल्या एका कोचिंग क्लासच्या खोलीत हेच शिकवतो. आठवडाभर तिथं बारावीची मुलं भौतिकशास्त्र शिकतात, त्यामुळं फळ्याच्या कोपऱ्यात कुठलं तरी सूत्र चौकटीत घालून 'पुसू नये' असं लिहिलेलं असतं. उरलेल्या फळ्यावर मी मोठ्या अक्षरांत लिहितो, 'तुमच्या पात्राला काय हवंय?' आणि खडू खाली ठेवून वाट बघतो.

कुणालाच सांगता येत नाही. एकाच्या नायकाला सुख हवं असतं, दुसऱ्याच्या नायकाला न्याय. मी विचारतो, सुख म्हणजे नेमकं काय रे, त्याच्या बायकोनं बोलायला हवंय की गप्प बसायला हवंय? मग ते वहीत बघत बसतात. निम्म्या पटकथांमध्ये गाव असतं आणि त्या गावातली सगळी माणसं पुण्याचं मराठी बोलता बोलता मध्येच एकदा 'लई' म्हणतात. 'मला असं वाटतं की आपण लई गंभीर चूक करत आहोत.' हे वाक्य मी एकदा भर वर्गात मोठ्यानं वाचून दाखवलं होतं. ज्यानं ते लिहिलं होतं तो पुढच्या रविवारी आला नाही.

आणखी एकीच्या पटकथेत आई मुलाला सांगत होती की तुझे वडील शिक्षक होते आणि पाच वर्षांपूर्वी ते वारले. मुलगा मान हलवत होता. मी म्हणालो, अहो, त्याला माहीत आहे, तेराव्याला पंगतीत तोच वाढत होता ना. सगळे हसले. वर्गात हशा मिळाला की मला बरं वाटतं, खोटं कशाला सांगू. दुसऱ्यांच्या मालिकांचे संवाद लिहिण्यात ज्याची उमेदीची वर्षं गेली, त्याला समोर बसून हसणारं माणूस कधी दिसलेलं नसतं.

पण सगळ्यात जास्त मी ज्या दोषावर तुटून पडतो तो निराळाच. लेखकाला स्वतःची बाजू मांडायची असते आणि ती तो एखाद्या गरीब पात्राच्या तोंडी घालतो. ते पात्र बिचारं आपलं काम सोडून लेखकाची सफाई देत बसतं. 'वकील हवा असेल तर कथेत वकील आणा, आईच्या अंगावर काळा कोट चढवू नका,' हे वाक्य मी प्रत्येक बॅचला ऐकवतो, आणि दर वेळी आत्ताच सुचल्यासारखं म्हणतो.

माझं स्वतःचं म्हणाल तर वीसेक वर्षं मी 'तुमच्याकडचं करून द्या' या खात्यात काढली. मुंबईहून फोन यायचा, 'सर, संवाद तयार आहेत, फक्त जरा तुमच्याकडचे करून द्या.' म्हणजे 'इथे'चं 'इथं' करायचं, 'नाही'चं 'नाय' करायचं, दोन पानांमागं एक शिवी पेरायची. शेवटी नावांची पट्टी इतकी भरभर सरकायची की माझं आडनाव माझ्या बायकोलासुद्धा कधी पुरतं वाचता आलं नाही. पन्नाशी उलटली तसा मी चिडचिडा झालो. स्वतःच्या नावाचा एक सिनेमा व्हावा, एवढं एकच डोक्यात उरलं. गेल्या वर्षी मी तो लिहायला बसलो.

गोष्ट घरचीच घेतली. पिशोरला, गावी, आमचं रान आहे, म्हणजे शेतजमीन. वडील गेले तेव्हा वारस दोघंच होतो, मी आणि माझी थोरली बहीण, आक्का. आई आधीच गेली होती. मी पडेगावात राहतो, आक्का दिल्याघरी, शहराच्या दुसऱ्या टोकाला हर्सूलला, अंगणवाडीत सेविका आहे. कायद्यानं निम्मं रान तिचं. पण आमच्या भागात बाप गेला की बहिणी निबंधकाच्या कचेरीत जाऊन सही करतात आणि आपला हिस्सा भावाला सोडून देतात. त्याला हक्कसोड म्हणतात. सही झाली की भाऊ बहिणीला साडी घेतो. घेतलीच पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही, पण न घेणारा भाऊ भावकीत हलकट ठरतो. रान घेणारा मात्र कुणीच ठरत नाही.

आक्कानंही सही केली. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मामांनी विषय काढला आणि पुढच्या आठवड्यात आम्ही तालुक्याच्या गावी होतो. त्याला आता नऊ वर्षं झाली. त्या दिवसातलं मला एवढंच आठवत होतं की कचेरीत गर्दी फार होती, अंगठ्याची शाई आक्काच्या पदराला लागली आणि दुपारच्या जेवणाच्या आत सगळं आटोपलं.

पटकथेत मी हे सगळं घातलं. फक्त सहीच्या आधी माझी बहीण, म्हणजे पटकथेतली, पेन हातात धरून थांबते आणि बोलते. दीड पान बोलते. जमीन घेऊन मी काय करू, म्हणते. मला दिवाळीला यायला एक दार हवंय, म्हणते. भावाचं भलं झालं की बहिणीचं आपोआप होतं, असंही म्हणते. ते लिहिताना माझे डोळे भरून आले होते. स्वतःचंच लिहिलेलं वाचून रडणं हाही एक दोष आहे, पण तो मी शिकवत नाही.

मुंबईतल्या एका कंपनीला पटकथा पाठवली. महिन्याभरानं तिथल्या एका मुलीनं व्हिडिओ कॉल लावला. येणाऱ्या पटकथा वाचून शेरे देणं हे तिचं काम. माझ्या मुलीपेक्षा लहानच असेल. साडीचा प्रसंग फार सुंदर आहे सर, म्हणाली. दुकानदार गठ्ठेच्या गठ्ठे उलगडतो आणि बहीण पहिल्यालाच हात लावून 'हीच द्या' म्हणते, ते तिला फार आवडलं होतं. मी खुर्चीत जरा सैल बसलो.

"पण सर, बहीण सही का करते?"

"म्हणजे?" मी म्हणालो. "दीड पान तेच सांगतेय ती."

"ते वाचलं मी. पण ते ती नाही ना बोलत. ते भाऊ बोलतोय. म्हणजे, सॉरी सर, लेखक बोलतोय असं वाटतं. तिला स्वतःला काय हवंय तेच कळत नाही."

तिनं मला पंधरा दिवस दिले. बहिणीचं कारण सापडलं तर पटकथा पुढं जाईल, नाही तर अवघड आहे, हे तिनं फार गोड शब्दांत सांगितलं. मी कॉल बंद केला आणि दोन दिवस धुमसत होतो. हिनं कधी सातबारा तरी पाहिलाय का, असं बायकोला चारदा ऐकवलं. बायको म्हणाली, "मग सांगा ना तिला कारण." मी तोंड उघडलं आणि मला कारण सांगता येईना. आक्कानं सही का केली हे मला माहीत नव्हतं. नऊ वर्षांत मी तिला विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी छावणीतून, दिल्ली दरवाज्यावरून हर्सूलला गेलो. बहिणीकडं चाललोय असं मला वाटत नव्हतं. कारण आणायला चाललो होतो, दुकानात जिन्नस आणायला जावं तसा. पिशवीत पटकथेची प्रत होती आणि खिशात पेन.

आक्का अंगणवाडीतून येऊन मेथी निवडत बसली होती. मला बघून तिनं आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं.

"आज कसा काय? सण नाय, वार नाय."

"सहज आलो."

"सहज येणारा नायस तू."

मी पटकथेचं सांगितलं. आपल्या घरची गोष्ट घेतलीय, वाच आणि कसं वाटतं सांग, म्हणालो. तिनं हात पदराला पुसले, चष्मा लावला. आक्का वाचायला बसली की मन लावून वाचते, पोषण आहाराच्या नोंदी तपासताना वाचते तशी, ओळीखाली बोट धरून. मी समोर बसून तिच्या बोटाकडं बघत होतो. ते सहीच्या प्रसंगाशी पोचलं आणि थोड्या वेळानं ती हसली.

"ही बाई लई बोलती."

"कोण?"

"ही, बहीण. एवढं कोण बोलतं आपल्यात? आन् तेबी कचेरीत, मागं लोक रांगंत उभे." तिनं पान उलटून पुन्हा मागं केलं. "मी कवा बोलले हे?"

"तू नाही गं, पात्र बोलतंय."

"बरं."

ती पुन्हा वाचायला लागली. मग बोट तिथंच ठेवून म्हणाली, "त्या साहेबानं विचारलं व्हतं. ते नाय घातलं तू."

"काय विचारलं होतं?"

"ताई, राजीखुशीनं देताय ना, म्हणून. माझ्याकडं बघून विचारलं. आधी सगळे तुझ्याशीच बोलत व्हते, त्यानं तेवढं मला विचारलं."

"मग?"

"मग काय. तू म्हणलास, व्हय साहेब, राजीखुशीनं, घ्या सही."

मी असं म्हणालो नव्हतो. म्हणजे मला तसं आठवत नव्हतं. मी तिला तसं सांगितलंही. आक्का माझ्यावर चिडली नाही, कुणी तारीख चुकीची सांगितली तर आपण दुरुस्त करतो त्या आवाजात म्हणाली, "म्हणलास. मी तोंड उघडलंच व्हतं."

"काय म्हणणार होतीस?"

तिनं मेथीची जुडी पुढं ओढली. "आता काय सांगू. व्हयच म्हणले असते बहुतेक. दुसरं काय म्हणणार व्हते, मामा मागं उभे, तुझे दाजी बाहेर गाडीपाशी. पण मी म्हणले असते ना."

मग तीच म्हणाली, "आन् साडीचं बी तसं नाय. दुकान तू जातानाच ठरवलं व्हतं. गाडीत म्हणलास, येताना अमक्याकडं जाऊ, तिथं चांगल्या मिळत्यात. सही व्हायच्या आधीच. मी मनात म्हणलं, झालं म्हणजे सगळं."

इथं मला जे झालं ते तसंच्या तसं सांगायचंय. मला लाज वाटली. पण त्याआधी आनंद झाला. पेन काढायला माझा हात खिशाकडं गेला होता. साहेब बहिणीला विचारतो आणि भाऊ उत्तर देतो. एका वाक्यात सगळं घर आलं. इतकी वर्षं पोरांना जे शिकवत होतो, संवाद कुणाचा आहे ते तपासा, ते हेच. माझ्या पटकथेत बहिणीला दीड पान दिलं होतं आणि खऱ्या कचेरीत तिचा होता तो एक शब्दही मी माझ्या तोंडानं खाल्ला होता. हे किती चांगलं आहे, असं मला वाटलं. चांगलं हाच शब्द माझ्या मनात आला. लाज नंतर आली, आणि आली तेव्हा चांगली आली, पण हा क्रम मी बदलणार नाही.

"माझं चुकलं, आक्का," मी निघताना दारात म्हणालो. ते नाटक नव्हतं. "हे मी नीट करतो. पंधरा दिवसांत करतो."

आक्का मेथीच्या काड्या गोळा करत होती. तिनं वर पाहिलं. मग म्हणाली, "चहा घेऊन गेला असतास." इतक्या वर्षांत तिनं मला चहासाठी थांबवलं नव्हतं, आणि त्या दिवशी मला थांबायला वेळ नव्हता. डोक्यात प्रसंग उकळत होता.

घरी येऊन एका बैठकीत लिहून काढला. दीड पान गेलं. साहेब विचारतो. बहीण तोंड उघडते. भाऊ म्हणतो, व्हय साहेब. बहीण तोंड मिटते आणि सही करते. पानाचा तिसरा हिस्साही भरला नाही. साडीच्या दुकानाचं बोलणं मी जातानाच्या गाडीत आणलं. हात लागले तसे पुढचे प्रसंगही आपोआप सुधारत गेले. शेवटी मी भावाला नऊ वर्षांनी बहिणीकडं नेलं, तिच्या तोंडून ते ऐकवलं आणि तिच्या घराच्या पायऱ्या उतरून एकटाच रस्त्यावर उभा केला. कधी नव्हे ते मी चांगलं लिहिलं होतं.

नवी प्रत पाठवल्यावर मुंबईच्या मुलीचा चौथ्या दिवशी फोन आला. "सर, मी रडले," म्हणाली. "आता बहीण जिवंत झाली." वरच्यांनाही आवडलंय, करार पाठवतो, म्हणाली. एवढं खरं कुठून आणता सर, असंही तिनं विचारलं. निरीक्षण, मी म्हणालो.

त्याच संध्याकाळी मी आक्काला फोन केला. "उद्या येतोय. काम झालंय. पेढे घेऊन येतो." पलीकडून ती एवढंच म्हणाली, "बरं. ये."

दुसऱ्या दिवशी गेलो तर दाजी, म्हणजे आक्काचे यजमान, घरीच होते. ते कंपनीत पाळीला जातात, एरवी दुपारी कधी भेटत नाहीत. इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते. म्हणाले, "सुट्टी टाकली आज." आक्कानं चांगली साडी नेसली होती. टीपॉयवर एक प्लास्टिकची फाईल होती आणि तिच्यातून आधार कार्डाच्या झेरॉक्स दिसत होत्या. मला वाटलं, बँकेचं काही असेल. दाजींनी मला 'या, बसा' म्हणून आपली खुर्ची दिली, असं त्यांनी कधी केलं नव्हतं. मी पेढ्यांचा पुडा उघडला. आक्कानं एक देवापुढं ठेवला, एक दाजींना दिला आणि माझ्यासमोर बसली.

"कागद आणलास?"

"आणला की," मी म्हणालो. पिशवीतून पटकथेची नवी प्रत काढली आणि तिच्या हातात दिली.

आमच्या भागात खरेदीखत असो, हक्कसोड असो, बक्षीसपत्र असो, लोक त्याला नुसतं 'कागद' म्हणतात. कागद झाला का, कागद करून दिला का. इतरांना 'तुमच्याकडचं' करून देण्यात वीस वर्षं घालवलेल्या मला हे त्या क्षणी आठवलं नाही. आक्कानं चष्मा लावला. पहिलं पान पाहिलं. माझं नाव मोठ्या अक्षरांत होतं. दुसरं पान पाहिलं. मग गठ्ठा थोडा वर उचलून खाली आणखी काही आहे का ते बघितलं.

"हे व्हय," ती म्हणाली.

दाजी उठून आतल्या खोलीत गेले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. दारात उभं राहून मी म्हणालो होतो, हे मी नीट करतो. मला प्रसंग म्हणायचा होता. तिनं रान ऐकलं होतं. आणि ऐकणाऱ्याची त्यात काही चूक नव्हती, कुणीही रानच ऐकलं असतं.

मला तिथंच बोलता आलं असतं. नुसतं 'करू' म्हणालो असतो तरी चाललं असतं. रान अजून आहे, बटईनं कसायला दिलेलं आहे, सातबाऱ्यावर माझं एकट्याचं नाव आहे, ते कुठं पळून गेलेलं नाही. मी पेढ्याचा पुडा बंद करत बसलो.

आक्कानं तोंडावर काही दाखवलं नाही. तिनं शेवटची पानं काढली आणि ओळीखाली बोट धरून वाचली. बराच वेळ लागला. वाचून झाल्यावर म्हणाली, "चांगलं लिहिलंस. असंच झालं व्हतं."

"मुंबईच्या लोकांनाही फार आवडलं."

"मग शेवटी देतो का हा तिचं तिला?"

"कोण?"

"ह्यो भाऊ. त्याला आता कळलंय ना सगळं. पायऱ्या उतरून जातो, पुढं काय करतो?"

"काही नाही करत. तिथं संपतो सिनेमा."

"पण देऊ शकतो की. अजून रान आहेच ना त्याच्याकडं."

आणि मी शिकवायला लागलो. रविवारी सकाळी बोलतो त्याच आवाजात मी माझ्या थोरल्या बहिणीला सांगितलं की शेवटाला एकाएकी मन पालटणं हा पटकथेतला मोठा दोष मानतात. जो माणूस नऊ वर्षं त्या रानाचं खातो तो एका दुपारीत बदलत नाही. त्याच्या स्वभावात ते आधी कुठं दिसायला हवं, आणि ह्याच्या स्वभावात ते कुठंच दिसत नाही. मी स्वतःच लिहिलाय तो, मला माहीत आहे. मी चांगलं समजावून सांगितलं. आतल्या खोलीत दाजी कपडे बदलत होते, हँगरचा आवाज येत होता.

"तसा शेवट कुणालाच पटणार नाही, आक्का," मी म्हणालो.

तिनं पानं एकत्र केली, टीपॉयवर आपटून कडा सारख्या केल्या आणि गठ्ठा माझ्या हातात दिला.

"मला पटला असता," ती म्हणाली.